टाकीतलं मीठ

आमच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, तिच्यात खाऱ्या पाण्यातली प्रवाळं आहेत. रोज सकाळी काचेवर आखलेल्या रेघेखाली पाणी थोडं उतरलेलं दिसतं. तेवढंच फिल्टरचं गोडं पाणी मी हळूहळू ओततो.

पहिल्या वर्षी मी तिथे खारं पाणी ओतायचो. समुद्रातलं कमी झालं, तर समुद्राचंच घालायला हवं, असं वाटायचं. प्रवाळं आक्रसू लागली, तसा मी जास्तच काळजीने खारं पाणी घालत गेलो. शेवटी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला घरी बोलावलं. तो म्हणाला, "पाणी उडून जातं हो, मीठ कुठे जातंय?" तोवर अर्धी प्रवाळं पांढरी पडली होती.

आज दादा आला होता. आईच्या आजारपणात तो आला नव्हता, आणि नंतरच्या प्रत्येक भेटीत मी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने ते काढलंच होतं. हळूहळू त्याचं येणंही कमी झालं. आज तो टाकीसमोर स्टुलावर बसला. केस पार पिकलेत त्याचे. एक जांभळं प्रवाळ बोटं पसरून झुलत होतं, ते बघत राहिला. ते नेहमीचं वाक्य माझ्या ओठांवर आलंच होतं. मी उठलो आणि तांब्या भरून आणला.

"यात मीठ नाही घालायचं?" दादाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "ते आत आहेच."

तो माझ्या हातातला तांब्या घेऊन स्वतःच ओतू लागला, माझ्याहूनही हळू.