ताईनं विचारलं तेव्हा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही ताईला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

चाकणच्या एका कंपनीत मी ट्रेनिंगचं काम बघते. नवीन पोरापोरींना सुरक्षा शिकवायची, शिस्त शिकवायची, आणि जमलंच तर उत्साह भरायचा. त्या उत्साहासाठीच मी ती पुस्तकं वाचायला लागले — यशाची, सवयींची, मनाच्या ताकदीची. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला भारावून गेले होते. कंपनीच्या बसमध्ये वाचायचे आणि रावेतला उतरताना वाटायचं, आता आपल्याला काहीही जमेल.

त्यातल्या एका पुस्तकाचं म्हणणं असं, की माणसाच्या वाट्याला जे येतं ते त्याच्याच विचारांनी ओढून आणलेलं असतं. मी ते मनापासून करून पाहिलं. रोज सकाळी डोळे मिटून स्वतःला मॅनेजरच्या खुर्चीत बघायचे. खुर्ची साहेबांच्या मेव्हण्याला मिळाली. मग मी कोणता वाईट विचार केला होता? आणि त्या मेव्हण्यानं कोणता चांगला? फसवलं गेल्यासारखं वाटलं — पण बोलणार कुणाला? तेच पुस्तक हातात धरून मी सेशनमध्ये टाळ्या घेत होते.

त्याच सुमारास ताईचं बाळ गेलं. पोटातच. बारशाची नावंसुद्धा काढून झाली होती.

ताई निगडीला राहते. आई गेल्यावर तिनंच माझं सगळं केलं, माझ्या कॉलेजसाठी स्वतःचं शिक्षण सोडलं. ती मला रोज फोन करायची. तेच तेच बोलायची, रडायची. आणि मी — कसं सांगू — मी कंटाळले होते. एका रविवारी गेले आणि ते पुस्तक तिच्या हातात ठेवलं. "वाच, बरं वाटेल." माझा स्वतःचा विश्वास ज्याच्यावरून उडाला होता, तेच. तिला बरं वाटावं म्हणून दिलं का? नाही. फोन थांबावेत म्हणून दिलं.

फोन थांबले.

पुढच्या वेळी गेले तेव्हा ती मेथी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "मला सारखी भीती वाटायची गं. सोनोग्राफीला जाताना, जिना उतरताना. काहीतरी होईल, काहीतरी होईल, हेच मनात यायचं. म्हणजे मीच ओढून आणलं ना ते?"

मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढून घेतली.

"तू एवढं वाचतेस. तुला खरंच वाटतं असं?"

इथे — इथेच मी म्हणायला हवं होतं, ताई, थोतांड आहे ते, टाक रद्दीत. एका वाक्याचं काम होतं. पण मग तिनं विचारलं असतं, मला का दिलंस? शिवाय समोर भाऊजी बसले होते. त्यांच्या लेखी मी मोठी वाचणारी, चार लोकांना शिकवणारी.

मी म्हणाले, "एवढे लोक वाचतात, म्हणजे काहीतरी तथ्य असेलच ना. झालं ते झालं. आता चांगले विचार कर."

तिनं मान हलवली आणि काड्या गोळा करून आत गेली.

त्यानंतर ताई कुणासमोर रडली नाही. "तुझ्या पुस्तकानं जादू केली," भाऊजी मला म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. हसलेसुद्धा असेन.

पुस्तक लिहिणाऱ्यानं मला फसवलं, असं मी पुष्कळदा मनाशी म्हणते. फसवलंच. पण ताईनं त्याला कुठे विचारलं होतं? तिनं मला विचारलं होतं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं होतं, काही दोष नाही, पुन्हा प्रयत्न करा. भाऊजींची फार इच्छा होती. त्यांनी मलाच मध्ये घातलं — तू समजाव, तुझं ऐकते ती. मी विषय काढला तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "नको गं. माझं मन भित्रं आहे. आणखी एका जिवाला कशाला त्रास?"

आता तिचं वय निघून गेलंय.

त्या दिवशीही मी ते एक वाक्य बोलले नाही.