पाडल्याशिवाय पट्टा नाही

विद्यापीठात ज्युदो आला तो एका जिन्यामुळे. शौर्य, शिस्त, चारित्र्य वगैरे शब्द माहितीपुस्तकात नंतर घुसडले, ते मुळीच मनावर घेऊ नका. मुख्य इमारतीचा जिना गुळगुळीत दगडाचा, बत्तीस पायऱ्यांचा आणि ऐन मध्यावर वळणारा. दर वर्षी पाच-सहा जण त्यावरून घसरायचे आणि हात गळ्यात बांधून परीक्षेला बसायचे. जिना बदलायचा विषय बैठकीत निघाला की कुणीतरी म्हणायचं, जुना आहे, सुंदर आहे, राहू द्या. शेवटी रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक वैतागून उभे राहिले. "जिना बदलत नाही ना? मग माणसांना पडायला शिकवा!" ठराव एकमताने मंजूर झाला, कारण सगळ्यांना भुका लागल्या होत्या.

हे प्राध्यापकसाहेब परदेशात शिकताना ज्युदोही शिकून आले होते. जुन्या प्रयोगशाळेत त्यांनी गाद्या अंथरल्या, पांढरा पोशाख चढवला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की समोर पडायला कुणीतरी हवं. विद्यार्थी भिंतीला चिकटून उभे. दाराशी किल्ल्यांचा जुडगा घेऊन नुकताच नोकरीला लागलेला शिपाई होता. साहेब म्हणाले, "जरा इकडे ये रे." तो बिचारा गेला, आणि पुढची एकतीस वर्षं पडत राहिला.

त्याचे हळूहळू मामा झाले. पाठ टेकायच्या आत हात गादीवर सपाट मारायचा, म्हणजे मार हात खातो, पाठ वाचते. तो आवाज त्यांचा इतका खणखणीत यायचा की विद्यार्थ्यांनी त्यांचं नावच धप्पमामा ठेवलं. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला मामांकडे आठवडाभर पडायला जावं लागे. "हनुवटी छातीला! आभाळ बघू नका, पट्ट्याची गाठ बघा! हात मारा!" पुढे न्यायाधीश झालेले, डॉक्टर झालेले, एक तर मंत्री झालेला, सगळे आधी मामांसमोर आडवे झाले होते. जिन्यावरून अजूनही लोक घसरत, पण उठून कपडे झटकून तासाला जात.

स्वतः मामांच्या कमरेला मात्र पहिल्या दिवशीचाच पांढरा पट्टा होता, धुऊन धुऊन वातीसारखा झालेला. साहेब निवृत्त झाले, पुढे वारलेही, पण त्यांनी भिंतीवर रंगवून घेतलेला नियम तसाच होता: पाडल्याशिवाय पट्टा नाही. म्हणजे समोरचा खरोखर विरोध करत असताना त्याला एकदा तरी पाडायचं, तेव्हाच काळा पट्टा. आणि मामांनी जन्मात कुणाला पाडलं नव्हतं. पाडणारे पैशाला पासरी होते. पडणारे एकटे मामा.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले तेव्हा मामी खांद्याला तेल चोळता चोळता म्हणाल्या, "एकतीस वर्षं पडून घरी येताय. बहीण विचारते, भाऊजी काय करतात? मी सांगते, विद्यापीठात आहेत. पुढचं गिळते. एकदा तरी कुणाला पाडून या हो."

मामांना ते लागलं. दुसऱ्या दिवशी पट्ट्याच्या परीक्षेच्या यादीत सगळ्यात खाली त्यांचं नाव होतं. मग सरावाची फजिती सुरू झाली. कुणी कॉलर धरली रे धरली की मामा आपसूक पडत! समोरच्याने नुसता हात उचलला, तरी मामा खाली. एकदा तर एक पोरगी त्यांना वेळ विचारायला जवळ आली, तिने बाहीला हात लावला आणि मामा धप्प. पोरगी रडकुंडीला आली. घरी त्यांनी दाराच्या खुंटीला जुना कोट अडकवून त्याच्याशी झोंबाझोंबी केली. खुंटी निघाली, कोट अंगावर आला, मामा पडले. मामींनी कपाळाला हात लावला. "अहो, कोटसुद्धा तुम्हाला पाडतोय!"

परीक्षेच्या दिवशी हॉल खच्चून भरला. मामी पहिल्या बाकावर, ठेवणीतली साडी नेसून, हातात पर्स घट्ट धरून. एकतीस वर्षांत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. परीक्षक होत्या गणिताच्या बाई. एकोणतीस वर्षांपूर्वी त्याही मामांकडेच पडायला शिकल्या होत्या; आता ज्युदोचा क्लब त्याच चालवत. फार सरळ बाई. अर्धा गुण कुणाला वाढवून दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

मामांसमोर उभा राहिला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा, ज्याला सगळे कपाट म्हणत. त्याला हलवायला दोन माणसं लागली असती. दोघांनी वाकून नमस्कार केला, एकमेकांना धरलं. मामांनी डोळे मिटले, कंबर फिरवली, ओढलं, आणि अहो आश्चर्य! कपाट त्यांच्या पाठीवरून गेलं आणि गादीवर आदळलं. हॉलने छप्पर डोक्यावर घेतलं. मामी उभ्या राहून टाळ्या पिटायला लागल्या. बाईंनी पेन उघडलं.

"थांबा," मामा म्हणाले.

टाळ्या विरल्या.

"बाई, हा पडला. मी पाडला नाही."

"मामा, गप्प बसा ना!" कपाट खालून कुजबुजला.

"आधी हात मारलास, मग पाठ टेकलीस, इथवर ठीक. पण पाय मी ओढायच्या आत उचललेस. एकतीस वर्षं पडतोय मी, लेका. मला शिकवतोस?"

कपाटाचा चेहरा लाल झाला. पोरांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, मामांसाठी पडायचं. आता सांगा, असा माणूस भेटतो का कुठे? हातात आलेला पट्टा, समोर बायको टाळ्या वाजवतेय, आणि हा चुका काढतोय! मामी मटकन खाली बसल्या. हा माणूस आयुष्यात काही मिळवणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं.

बाईंनी पेन बंद केलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, चपला काढल्या, कुणाचा तरी पोशाखाचा अंगरखा कुडत्यावर चढवला, पट्टा आवळला आणि गादीवर आल्या. "माझ्याशी खेळा मामा. मी पडायची नाही, सांगून ठेवते."

आणि खरंच, बाई खांबासारख्या रोवून उभ्या राहिल्या. त्यांनी कॉलर धरताच मामांचे गुडघे सवयीने ढिले पडले. एक पाय घसरला. हनुवटी छातीला टेकली. हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं की मामा आता निघाले खाली.

"अहो, पडू नका!"

मामी ओरडल्या होत्या. इतक्या जोरात, की पर्स पायाशी पडून उघडली. मामा चमकले. एकतीस वर्षं सगळ्यांनी त्यांना पड म्हटलं होतं. पडू नका असं कुणी म्हटलंच नव्हतं. त्यांनी पाय रोवला. बाईंनी रेटलं, मामा वळले, कंबर खाली घातली आणि सगळा जीव एकवटून ओढलं. बाई हवेत गेल्या. धप्प!

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंची बाही त्यांनी सोडलीच नव्हती आणि दुसरा हात बाईंच्या डोक्याखाली होता. "लागलं का बाई? चुकलं माझं. कशाला मी..."

बाई छताकडे बघत पडून होत्या. मग हसल्या. "काही लागलं नाही. पट्ट्याची गाठ बघितली मी, मामा." आणि तशाच आडव्या राहून त्यांनी ओरडून सांगितलं, "पास!"

मग काय विचारता! पोरांनी मामांना उचललं, काळा पट्टा बांधला, फोटो काढले. परतताना जिन्यावर मामी कठडा धरून, एकेक पायरी चाचपत उतरल्या. पट्ट्याकडे एकदाही बघितलं नाही. घरी आल्यावरही नाही. मामांना वाटलं, आता हिला अजून काय हवंय?

पट्टा खुंटीला लावून ते बसले, तेव्हा मामी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"मला शिकवाल?"

"पाडायला?"

"पाडून काय करू? पडायला शिकवा." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "गेल्या महिन्यात मोरीत पाय सरकला होता माझा. सांगितलं नाही तुम्हाला. तेव्हापासून भीती वाटते. आज बाई पडलेल्या बघितल्या. इतक्या वरून पडल्या, आणि हसत होत्या."

मामांनी पलंगावरची गादी काढून जमिनीवर अंथरली, शेजारी दुसरी टाकली. मामींनी पदर खोचला. मामांनी एक हात त्यांच्या पाठीला लावला, दुसऱ्याने मनगट धरलं.

"खाली बसून मागे जायचं. हनुवटी छातीला. हात मारायचा. घाबरू नकोस, मी आहे."

मामींनी डोळे मिटले आणि अंग टाकलं. धप्प!

खालच्या मजल्यावरून शेजारीण ओरडली, "अहो, काय पडलं?"

मामी गादीवर आडव्या, केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी. त्यांनी खिडकीकडे मान वळवली आणि साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी पडले! यांनी शिकवलं!"