दासगावच्या धक्क्यावर राहिलेल्या वहाणा

माझ्या थोरल्या भावाला वाचता येत नाही. म्हणूनच मला हे लिहायचा धीर होतो आहे, आणि ही काही फार अभिमानाची गोष्ट नव्हे.

आमचं गाव भोरच्या पश्चिमेला, घाटमाथ्याच्या अलीकडे. मुंबईला जायचं तर आम्ही वरंधा घाट उतरून दासगावला जात असू. तिथून लाँचनं खाडीतून बाणकोट, आणि पुढे आगबोट. मी गिरणीत लागून चार वर्षं झाली होती. घरचं शेत दोन संसारांना पुरेना, म्हणून त्या वैशाखात दादाला बरोबर घेतलं. मुकादमाशी बोलून ठेवलं होतं. सोमवारी त्यानं दादाला एकदा डोळ्यांखालून घातलं की काम पक्कं.

आमच्याकडे नीरेच्या नावेत चढताना वहाणा काठावर काढतात. नावाडी त्या सगळ्या एका पाटीत गोळा करतो आणि शेवटी नावेत ठेवतो. दासगावच्या धक्क्यावर दादानं तेच केलं. मुंबईसाठी मुद्दाम शिवून घेतलेल्या कोऱ्या वहाणा त्यानं काढून नीट जोडीनं ठेवल्या, खाडीला हात जोडले आणि लाँचमध्ये येऊन बसला.

मी ते पाहिलं. पहिल्या खेपेला मीही असंच केलं होतं. तेव्हा एका अनोळखी बाईनं ओरडून मला माघारी धाडलं होतं. पण आज समोर गिरणीतल्या माझ्या खात्यातले दोघे बसले होते. दादाच्या खांद्यावरची घोंगडी बघून एक म्हणाला, "काय पाहुणे, मुंबईत मेंढरं राखायची का?"

"राखू की," दादा म्हणाला. "तुमी हाईसाच."

सगळे हसले. मीही हसलो, पण त्या दोघांच्या बाजूनं. नंतर लगेच 'दादा, वहाणा' म्हणायचं जिवावर आलं. दोर सुटला. धक्का हातभर अंतरावर होता, मग दोन हात, मग चार. मी खाडीकडे बघत राहिलो.

"आरं, व्हानांची पाटी कुठं ठिवली ह्यांनी?" दादानं बऱ्याच वेळानं विचारलं. त्या दोघांना हसू आवरेना.

शेतात दादा अनवाणीच असे, पण माती वेगळी आणि वैशाखातलं डांबर वेगळं. बंदरापासून चाळीपर्यंत जाईतो त्याच्या तळव्यांना फोड आले. नव्या चपला घेऊ म्हटलं, तर म्हणाला, "हायत की तिकडं. दोन-दोन कशाला?" मीही आग्रह केला नाही. फोड फुटले, चिघळले. सोमवारी तो माझ्या खांद्याला धरून मुकादमापुढे उभा राहिला.

"ह्याला इथं उभं राहता येईना, मशीनवर दिवसभर कसा राहील?" मुकादम म्हणाला आणि त्यानं मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

पुन्हा विचारायची सोय नव्हती. मी रजा काढून दादाला घेऊन परत निघालो. आगबोटीत तो पाय घोंगडीत गुंडाळून बसला होता. दासगावला उतरलो, तर धक्क्यावरच्या चहावाल्यानं वहाणा खुंटीला टांगून ठेवलेल्या. "मला वाटलं, कुणी खाडीत उडी घेतली!" तो म्हणाला. दादा हसला. त्यानं पाय घालून पाहिला. सुजलेला पाय आत जाईना. मग वहाणा काखेत मारून तो घाटाच्या वाटेला लागला.

पहिल्या चढावर थांबून त्यानं विचारलं, "तुला दिसल्या न्हवत्या का रं, काढताना?"

"न्हाई, दादा."

"व्हय, तुला दिसल्या असत्या तर वरडला असतास तू."

पुन्हा तो मुंबईला आला नाही. ते शेत तो एकटाच करतो. पावसाळ्यात आगबोट बंद होण्याआधी मी दर वर्षी घरी जातो, तेव्हा दारात चार माणसं बसलेली असली की तो ही गोष्ट रंगवून सांगतो. लोक हसतात. शेवटी तो माझ्याकडे बोट करून म्हणतो, "ह्याला दिसलं न्हाई, न्हाईतर आज मी बी गिरणीत असतो."

मी होय म्हणून मान हलवतो. यंदाही हलवली.