आधी माझ्या अंगावर

चेअरमन कुठलीही गोष्ट आधी स्वतःच्या अंगावर करून बघत. दूध संस्थेत सरकी पेंडीची पोती आली की वाटप सुरू होण्याआधी ते चिमूटभर पेंड तोंडात टाकत आणि डोळे मिटून सावकाश चावत. एकदा त्यांनी तोंड वाकडं केलं आणि अख्खी गाडी परत पाठवली. "मला गिळंना, मंग म्हशीला कावून घालू?" एवढंच ते गाडीवाल्याला म्हणाले. पाटोद्याच्या डोंगरपट्ट्यातल्या त्या गावाची संस्था म्हणजे एक पत्र्याची खोली, एक काटा आणि भिंतीला लावून ठेवलेले कॅन. पण चेअरमन म्हणजे चेअरमन. सून त्यांना मामा म्हणायची, बाकी सगळा गाव चेअरमन. त्यांचं खरं नाव मला ते गेल्यावर कळलं.

मी तेव्हा पाटोद्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच बसू लागले होते. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. एका सकाळी चेअरमन नातीला कडेवर घेऊन आले. साक्षी सहा वर्षांची, कडेवर घेण्याइतकी लहान नव्हती, पण बाजाराच्या रस्त्यावरून तिला चालवत आणणं त्यांना शक्य झालं नव्हतं. ती बोलत नव्हती. माझ्या हातून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, तशी तिनं दोन्ही हात झटक्यात बाजूला फेकले, मान मागे टाकली आणि किंचाळत आजोबांच्या सदऱ्यात तोंड खुपसलं. ती स्वमग्न असल्याचं मोठ्या दवाखान्यात आधीच सांगितलेलं होतं.

तिचे आईवडील, सुनीता आणि दत्ता, दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेले होते. आदल्या वर्षी साक्षीला बरोबर नेलं होतं. फडातले ट्रॅक्टर, माणसांचे हाकारे, पाचटाचा धूर. पोरगी कोपीच्या, म्हणजे पाचटाच्या खोपटाच्या, कोपऱ्यात कान दाबून बसली आणि तिनं खाणंच सोडलं. म्हणून या वर्षी तिला गावात ठेवलं होतं. आजी आधीच वारलेली. घरात हे दोघंच.

मी त्यांना समजावून सांगितलं. "तान्ह्या बाळाजवळ भांडं पडलं की ते दचकून हात फेकतं आणि मग आवळून घेतं, ते पाहिलंय ना? ती जन्माबरोबर आलेली सोय असते. मेंदू वाढतो तशा या प्रतिक्षिप्त क्रिया पहिल्या काही महिन्यांत आपोआप शांत होतात. काही मुलांच्यात त्या रेंगाळतात. स्वमग्न मुलांच्यात हे बऱ्याचदा दिसतं. मग अंग सारखं राखणीला बसल्यासारखं राहतं."

"मंग ती दचकायची खोड मोडली की पोरगी बोलंल?"

"नाही. तसं मी सांगणार नाही. स्वमग्नता हा आजार नाही, ती जात नाही. आणि या व्यायामांचा किती उपयोग होतो, यावर आमच्यातही एकमत नाही. अंगाला थोडी उसंत मिळाली तर मिळेल."

चेअरमननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "उसंत मिळाली तरी लई झालं. पण ताई, आधी माझ्या अंगावर करून दाखवा."

आणि ते धोतर सावरून सतरंजीवर उताणे झाले. हातपाय सावकाश पसरायचे, मग तितक्याच सावकाश पोटाशी घ्यायचे. पहिल्यांदा त्यांनी फटकन केलं. मी म्हटलं, "घाई नको." दुसऱ्यांदा त्यांचा पाय थरथरला. तिसऱ्यांदा ते हसले. "हे तर गाठोडं हाय. सोडायचं आन् बांधायचं." त्या दिवसापासून व्यायामाचं नाव गाठोडं पडलं. साक्षी भिंतीला पाठ लावून बघत होती. मी तिला हात धरून आणायला निघाले, तसे ते पडल्या पडल्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तिला बघू द्या म्हातारा काय करतो ते."

पुढच्या आठवड्यात मी गावात गेले, तर चेअरमन साक्षीला घरी निजवून संस्थेच्या पायरीवर रिकाम्या कॅनमध्ये डोकं घालून बसले होते आणि संस्थेचा सेक्रेटरी संकोचत बाहेरून लोखंडी मापानं कॅन बडवत होता. आतून आवाज घुमला, "हळू कावून मारतो बे? हाण." सेक्रेटरीनं हाणलं. चेअरमननी डोकं बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. काही वेळ त्यांना मी काय बोलतेय तेही ऐकू येईना. मग म्हणाले, "ताई, मला वाटायचं पोरगी हट्ट करती. ती तर रोज ह्याच्यात राहती."

त्याच दिवशी त्यांनी जुने टायर कापून कॅनखाली अंथरले. कॅन ठेवताना कोणी आपटला तर ते नुसते उठून, संस्थेच्या खोलीत बरोबर आणून बसवलेल्या साक्षीकडे जात. आठवडाभरात आपटणं बंद झालं.

पाण्याच्या टँकरचं मात्र सोपं नव्हतं. गावात शिरताना ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचा, तो ऐकून बायका हंडे घेऊन धावायच्या, आणि साक्षी तासभर थरथरत राहायची. चेअरमननी ड्रायव्हरला हॉर्न बंद करायला लावला. त्याऐवजी, टँकर घाटात दिसला की संस्थेच्या पत्र्यावर काठीला बांधून लाल लुगडं चढवायचं असं ठरलं. पण एका दुपारी वाऱ्यानं लुगडं काठीला गुंडाळलं गेलं. वरच्या वस्तीला ते दिसलंच नाही. वस्तीवरच्या बायका पोचल्या तेव्हा टँकर रिकामा झाला होता.

मी तिथंच होते. एक म्हातारी रिकामा हंडा घेऊन चेअरमनच्या पुढ्यात उभी राहिली. "तुमच्या एका पोरीपाई आमी तहानलेलं ऱ्हायचं का?"

"न्हाई," ते म्हणाले. "चूक माझी हाय."

त्यांनी आपल्या घरातलं भरलेलं पिंप बैलगाडीवर चढवलं आणि स्वतः गाडी हाकत वस्तीवर नेलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर दिसला की ते लुगड्याच्या जोडीनं स्वतःही वस्तीची चढण चढून सांगायला जात. उन्हात, धापा टाकत. थोड्या दिवसांनी त्याच म्हातारीनं त्यांना वाटेत अडवलं. "चेअरमन, आता येऊ नका. आमी दोघी-दोघी पाळीनं लुगड्यावर ध्यान ठेवतो."

साक्षीत बदल झाला तो असा सांगण्याजोगा नव्हता. हिवाळाभर चेअरमन रोज सतरंजीवर गाठोडं सोडत-बांधत राहिले. एक दिवस ती त्यांच्याशेजारी जाऊन आडवी झाली, हात पसरले आणि तशीच पडून राहिली. पुढे कधीतरी तिनं ते मिटलेही. दचकायची ती अजूनही, पण सावरायला तासभर लागेना. व्यायामानं हे झालं, का गावानं आवाज कमी केला म्हणून, का एक माणूस सतत तिच्याजवळ होता म्हणून, मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. चेअरमनना मी हे बोलून दाखवलं तर म्हणाले, "कशानं का हुईना. आपुन तिन्ही चालू ठेवू."

पाडव्याच्या सुमारास सुनीता परत आली. पूर्वी साक्षीच्या केसांना फणी लावली की ती लाथा झाडायची. त्या दिवशी ती आईकडे पाठ करून बसली आणि जवळजवळ अर्धे केस विंचरून होईपर्यंत बसून राहिली. मग उठून गेली. सुनीता फणी हातात घेऊन तशीच बसली. म्हणाली, "ताई, माझ्यामागं हिनं एवढं केलं. आता दसऱ्याला परत हिला सोडून जायचं."

त्या वर्षीही पाऊस झाला नाही. म्हशी विकल्या गेल्या, संस्थेचा काटा झाकून ठेवला गेला. ऊसतोडीचा मुकादम टोळी बांधायला आला. एका कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या एका जोडीला, माणसं दोन लागतात. दत्ताबरोबर सुनीता जाणार हे गृहीतच होतं. चेअरमन म्हणाले, "दत्तासंगं मी येतो. पोरीची आई घरी ऱ्हाईल."

मुकादम गडबडला. "चेअरमन, तुमी? ह्या वयात?"

"मोळी बांधता येती मला. उचलंल दत्ता."

त्यांनी राजीनामा दिला. लोक म्हणाले, नाव राहू द्या, संस्था तरी कुठं चालू आहे. ते म्हणाले, "गावात न्हाई तो चेअरमन कसला?"

मी त्यांना निरोप द्यायला गेले. ट्रॅक्टरची ट्रॉली लांब, वेशीबाहेर उभी करायला त्यांनीच सांगितलं होतं. सुनीता रडत होती. "मामा, माझं काम तुमच्या अंगावर टाकलं मी." ते म्हणाले, "पोरी, तू इतकी वर्सं हे कसं केलंस ते मला बघायचं हाय." साक्षी त्यांच्याकडे बघत नव्हती. ते तिच्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले, तिच्यासारखेच मातीकडे बघत. ट्रॉलीतून हाका आल्या तसे उठले आणि मागे न बघता चालू लागले.

एक हंगाम त्यांनी काढला. परत आले तेव्हा हातांची कातडी सोललेली होती आणि कंबर सरळ होत नव्हती. माझ्याकडे उपचाराला आले आणि सतरंजीवर पडून म्हणाले, "ताई, सून लई सोसत होती. आमाला घरी बसून कळलं न्हाई." पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि म्हशी आल्या. सुनीता पुन्हा फडावर गेली नाही. संस्थेत दूध घ्यायला बसू लागली. साक्षी गावातल्या शाळेत जाऊ लागली, दाराजवळच्या जागेवर.

चेअरमन गेले ते एका सकाळी, बसल्या जागी. निरोप मिळताच मी निघाले. आमच्याकडे माणूस गेलं की बायकांचा आकांत वेशीपर्यंत ऐकू येतो. मी वेशीतून आत आले, गल्लीत वळले, तरी आवाज नाही. क्षणभर वाटलं, निरोप चुकीचा असावा. दारात पोचले तर अंगण बायकांनी भरलेलं होतं. सगळ्यांनी तोंडात पदर कोंबला होता. खांदे हलत होते, डोळे वाहत होते, पण हुंदका कुणाचाच बाहेर येत नव्हता. सुनीतानं कोणाला काही सांगितलं नव्हतं. आत आजोबांच्या उशाशी साक्षी मांडी घालून बसली होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते, कानांवर नव्हते.