अविश्वास ठरावाच्या दिवशी

मी सरपंच झाले ती बाईची राखीव जागा निघाली म्हणून, आणि माझ्या नवऱ्याला शेळ्यांपलीकडं कशातच रस नव्हता म्हणून. हसू नका, खरंच तसं झालं. आमचा बंजाऱ्यांचा तांडा बालाघाटाच्या डोंगरपट्टीत वर, गाव खाली, आणि ग्रामपंचायत दोघांची मिळून एकच. गाव मराठी बोलतं, आम्ही गोरमाटी. मराठी मला येते, बाजारात भांडायला तर लईच चांगली येते. पण खुर्चीत बसून बोलायचं म्हटलं की वाक्य अर्ध्यातच सोडून द्यायचे.

पहिल्याच ग्रामसभेत तांड्यातल्या एका म्हातारीनं मला आमच्या बोलीत पाण्याचं विचारलं. मी आमच्याच बोलीत उत्तर दिलं. त्यात एवढंच होतं, की आजी, पाइप येणार आहे, जरा दम धर. तर खालच्या गावातले चार-सहा जण उठलेच. "बाई, काय शिजतंय ते आमाला बी कळू द्या की." त्या दिवसापासून मी गोरमाटीला कुलूप लावलं. ऑफिसात तांड्यातली बाई आली तरी तिच्याशी मराठीत बोलायचे. बाया म्हणायच्या, मॅडम झाली ही. म्हणू देत. भ्याले होते मी, दुसरं काय.

तरी गावाच्या टाकीपासून तांड्यापर्यंत पाइपलाइनचा ठराव मी करून घेतला. तिथंच बिनसलं. आपलं पाणी वर जाणार म्हणून गावातले सदस्य फिरले, माझ्यावर अविश्वास आणला आणि तो पासही केला. कारण लिहिलं, सरपंचबाई सभेत लोकांना न कळणाऱ्या भाषेत बोलतात. पण मी थेट लोकांतून निवडून आलेली, त्यामुळं शेवटचा निकाल ग्रामसभेच्या मतदानावर होता. आणि सभा कधी लागली? दिवाळीनंतर, अर्धा तांडा ऊसतोडीला गेल्यावर. माझी मतं सगळी कर्नाटकात फडावर. मी गेले की पाइपलाइन बारगळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी फडावरच्या धाकट्या दिराला फोन लावला. म्हटलं, कसं बी करून माणसं घेऊन ये, नाहीतर पाणी गेलं म्हणून समज. त्यानं मुकादमाच्या हातापाया पडून एका दिवसाची सुट्टी काढली. एक पिकअप आणि तिच्यात चौदा जण.

सभा अकराला, शाळेच्या मैदानात. साडेनवाला जावेचा फोन आला, दिराच्या बायकोचा. "उमरगा आलं बघ. ड्रायव्हर रातभर ऊस भरत हुता, डुलक्या घ्यायलाय. म्या त्याला तंबाखू मळून मळून देतेय." हसत सांगत होती. तिचं दीड वर्षाचं लेकरू मांडीवर होतं, त्याचं बोबडं बोलणं मला फोनवर ऐकू येत होतं.

माझा थोरला भाऊ असाच फडावरून येताना गेला होता, ड्रायव्हरला डुलकी लागून. त्याची चप्पल तेवढी धड राहिली होती. मी लगेच उलटा फोन लावला, लागेना. परत लावला. आई गं, 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर' म्हणणाऱ्या त्या फोनवाल्या बाईला मी शिव्या घातल्या आणि परत लावला.

सभा भरली. तहसिलातून आलेले साहेब टेबलामागं, टेबलावर पेटी. खालचं गाव झाडून सगळं आलेलं. साहेब नियम वाचून दाखवत होते, माझं लक्ष फोनवर. आपण त्यांना बोलावलं, आपण, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि फोन लागला. दिरानं उचलला.

मी उभी राहिले आणि भरल्या सभेत गोरमाटीत ओरडले. "गाडी बाजूला घे. त्याला झोपू दे. येऊ नका तुम्ही."

"वैनी, तासाभरात पोचतोय आमी, मतं संपायच्या आत. असं काय करतेस?"

"पाणी जाऊ दे, खुर्ची जाऊ दे. सगळ्यांना खाली उतरव म्हणते ना!" मी रडत होते, आणि ते मला लपवता आलं नाही.

गावातला एक जण साहेबांना म्हणाला, "बघा, परत त्याच भाषेत. माणसं बोलवायलीय."

साहेबांनी विचारलं, "ताई, काय बोललात?"

"येऊ नका म्हटलं."

मागून हसू फुटलं. खोटं कशाला सांगू, त्यांच्या जागी मी असते तर मलाही पटलं नसतं. दोघं जण तर फाटकात जाऊन पिकअपची वाट बघत उभे राहिले. पिकअप आलीच नाही.

मी अकरा मतांनी हरले.

पिकअप अडीचला आली. ड्रायव्हर हायवेच्या कडेला दोन तास घोरत पडला होता. सगळे धडधाकट. दीर खाली उतरला आणि माझ्याकडं न बघता घरात गेला. तांड्यातल्या एका बाईनं तोंडावर सुनावलं, "तुझ्या भ्यापायी आमचं पाणी गेलं." मी भावाचं सांगायला लागले, तर ती म्हणाली, "ते तवा झालं. आज काय झालं?"

आज काय झालं? काहीच नाही. ते आले असते तर बहुतेक सुखरूपच आले असते, आणि आज तांड्यात नळ असता. जाऊ अजून खालच्या विहिरीवरून घागर आणते, रोज सकाळी माझ्या दारावरून. तिचं लेकरू आता तिच्या मागं तांब्या घेऊन चालतं. ती दारावरून जाईपर्यंत मी घराबाहेर येत नाही.