मंदावर राज्य आलं

तुमच्या मुलीला पोलिओ झाला आहे, असं नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो म्हणजे, "कशावरून?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी रबरी हातोडीने मंदाच्या उजव्या गुडघ्याखाली हलकेच ठोकलं. पाय उडाला. डाव्या गुडघ्याखाली ठोकलं. पाय तसाच पडून राहिला.

मंदा तेव्हा तीन वर्षांची होती. चार दिवस ताप आला, उतरला, आणि पाचव्या दिवशी सकाळी ती अंथरुणातून उठायला गेली ती कोलमडलीच. तिच्या आईचे डोळे तेव्हापासून सुकले नव्हते. मी मात्र गुन्हेगार शोधत होतो.

"आमच्या गावच्या कंपाउंडरने सुई टोचली, त्यानेच पाय गेला ना?" मी खनपटीलाच बसलो.

"सुईने पोलिओ होत नाही, गुरुजी. तो विषाणूचा आजार आहे. पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंना इजा होते, मग स्नायूंना हुकूम पोचत नाही. तापात सुई टाळलेली बरी, हे खरं. पण आता त्या माणसाच्या मागे लागू नका. मुलीकडे बघा."

मला ते पटलं नाही. मी पुणतांब्याच्या शाळेत शिक्षक, त्यातून खेळाचे तास माझ्याकडे. कोण खोटं बोलतंय हे ओळखण्यातच माझे दिवस जायचे. एवढं गोड बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, असंच माझ्या मनाने घेतलं. पुढची चार वर्षं मी नगरची पायरी चढलो नाही. कोपरगावला एक मालीशवाले होते, त्यांच्याकडे गेलो. कुणी सांगितलेली तेलं चोळली, पाले बांधले. हे वाचणाऱ्या आईबापांना हात जोडून सांगतो, ती चार वर्षं मी माझ्या हट्टापायी वाया घालवली.

मंदा सातव्या वर्षी डाव्या गुडघ्यावर हात दाबून चालायची. गुडघा सरळच होईना, तेव्हा दुष्काळाच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला घेऊन पॅसेंजरने नगर गाठलं. घरी तान्हं मूल होतं, म्हणून तिची आई गावीच राहिली.

तेच डॉक्टर. चार वर्षं कुठे होता, असं त्यांनी विचारलं नाही. त्याचाही मला संशयच आला.

"याला कॉन्ट्रॅक्चर म्हणतात," ते म्हणाले. "म्हणजे शिरा आणि स्नायू आखडून बसणं. प्लास्टर घालून पाय हळूहळू सरळ करू. मग कॅलिपर." कॅलिपर म्हणजे बुटाला जोडलेल्या लोखंडी पट्ट्या आणि चामड्याचे पट्टे. पायाला जे जमत नाही ते त्या करतात.

प्लास्टरचे दिवस व्हरांड्यात बसून काढले. मी एक वही केली होती. कोणती गोळी, किती वाजता, कोणी दिली, सगळं लिहायचो. औषधाचा वास घेऊन बघायचो. नर्स हसायच्या. शेजारच्या खाटेवर घोडेगावची एक मुलगी होती, मंदासारखीच. तिची आई सखूबाई मला म्हणायची, "गुरुजी, इतकं बारीक कशाला बगता? त्यास्नी त्यांचं काम करू द्या की."

प्लास्टर निघालं, कॅलिपर आलं, आणि मग लीलाबाईंच्या ताब्यात मुली गेल्या. लीलाबाई फिजिओथेरपिस्ट होत्या, म्हणजे व्यायाम देऊन अवयवांना कामाला लावणाऱ्या. निदान मला तसं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्या सकाळी तासभर पाय ताणायला लावायच्या आणि संध्याकाळी मागच्या लिंबाखाली पोरींना जमवून नुसत्या खेळायच्या.

"व्यायाम कधी घेणार?" मी विचारलं.

"हाच की."

मी स्वतः खेळाचा मास्तर. पोरांना खेळायला सोडून मास्तर कधी निवांत बसतो, ते मला कुणी शिकवायला नको होतं. इथे कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं.

एका संध्याकाळी मी घरी पत्र टाकायला गेलो होतो. परत येताना भिंतीपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. आणि दहा-बारा आवाज एका सुरात, "लंगडी! लंगडी! लंगडी!"

तळपायाची आग मस्तकात गेली. गावात पाणवठ्यावर पोरं मंदाला हेच म्हणायची. त्यापायी एकाला मी कानफटवलंही होतं. आणि इथे दवाखान्यात, मोठ्या माणसांदेखत?

मी धावत आत शिरलो. मंदा मध्ये उभी होती, कॅलिपर बाजूला काढलेलं. मी तिला उचललं आणि लीलाबाईंना नाही नाही ते बोललो. तडक ट्रंक भरायला घेतली. डॉक्टर आले तेव्हा म्हटलं, "मला आत्ताच्या आत्ता डिस्चार्ज द्या."

"देतो," ते म्हणाले. "सही करा. पण आधी मुलीला विचारा."

मंदा रडत होती. मला वाटलं, चिडवल्यामुळे. पण ती माझ्यावरच ओरडली, "नाना, माझ्यावर राज्य आलं हुतं! तुमी डाव मोडला!"

सखूबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "आवं गुरुजी, खेळाचं नाव हाय ते. लंगडी! तुमीच न्हाई का शिकवत शाळेत?"

मी शिकवत होतो. दर शनिवारी चुन्याने चौकोन आखून मीच शिट्टी वाजवत होतो.

लीलाबाईंनी हळूच विचारलं, "तुमच्या शाळेत लंगडीच्या वेळी मंदा काय करते?"

"बाजूला बसते," मी म्हणालो. "सावलीत बसवतो मी तिला." वाक्य पुरं होईपर्यंत माझा मलाच राग आला.

डॉक्टर ट्रंकेवर टेकले. "तिचा उजवा पाय चार वर्षं दोन पायांचं काम करतोय. या खेळात राज्य आलं की सगळ्यांना एका पायावर यावं लागतं, माझ्या नर्सलाही. त्यातून तिला तोल मिळतो, आणि पडायचं कसं तेही कळतं. कॅलिपर घालून पडलीच, तर तिचं तिला उठता आलं पाहिजे ना?"

मी सही केली नाही. पण स्वभाव एका रात्रीत जातो थोडाच! दुसऱ्या संध्याकाळी मी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो, डोळ्यांत तेल घालून. मला बघायचं होतं, हे लोक माझ्या मुलीला मुद्दाम जिंकू देतात का. एक आया जरा रेंगाळली, तर माझ्याआधी मंदाच ओरडली, "मावशी, मुद्दाम न्हाई हां सापडायचं!" पोरीने माझाच संशय उचललेला पाहून मला हसू आलं.

"गुरुजी, उभं राहण्यापेक्षा आत या," लीलाबाई म्हणाल्या.

चपला काढून मी चौकोनात गेलो. मंदा उजव्या पायावर उड्या घेत माझ्या मागे लागली. मी आधी हळू पळालो. तिने डोळे वटारले. मग मात्र मी खरोखर हुलकावणी दिली. तिचा हात माझ्या धोतराला लागणार, एवढ्यात तोल गेला. ती पडली नाही, सावरली. पण त्या गडबडीत डावं पाऊल मातीला लागलं, एवढंसंच, दोन बोटं.

सगळे थांबले. लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही खेळाचे मास्तर. पाय टेकला की नाही?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. माझं मन नाहीच म्हणत होतं. मंदा धापा टाकत माझ्याकडे बघत होती, डोळे बारीक करून, बाप आता खोटं बोलतो का ते बघायला.

"टेकला," मी म्हणालो. "मंदा बाद."

"बाद! बाद!" पोरी ओरडल्या.

मंदा आज मोठी आहे. पाय बरा झाला नाही, पोलिओचा पाय होत नाही. कॅलिपर घालून ती सगळीकडे जाते. त्या डॉक्टरांचे आणि लीलाबाईंचे उपकार मला फेडता आले नाहीत, नीट आभारही मानता आले नाहीत. पण त्या संध्याकाळी माझी मुलगी आयुष्यात पहिल्यांदा चारचौघींसारखी बाद झाली, आणि चौकोनाबाहेर जाताना ती इतकी खूश होती, की मला तोंड फिरवून डोळे पुसावे लागले.