चुन्याची निवळी

साखळीजवळच्या एका हायस्कूलात जयराम प्रयोगशाळा सांभाळायचा. माणूस भारी हौशी! आदल्या दिवशी शिंपल्यांचा चुना पाण्यात कालवायचा, वरची निवळी गाळून बाटलीत भरायची, आणि श्वसनाचा धडा आला की थोडी निवळी परीक्षानळीत ओतून स्वतःच काचनळीने तीत फुंकायचा. पोरं मोठ्याने आकडे मोजायची. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने निवळी दुधाळ झाली की टाळ्या! पहिल्या वर्षी ती नवाला दुधाळ झाली. मग चौदाला. गेल्या वर्षी बावीसला.

त्याआधी बारा वर्षं त्याने खाणीवर धूळ खाल्ली होती. खाण बंद पडली, धूळ मेली छातीतच राहिली. डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून स्पष्ट सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "चेडवाची दहावी होऊंदे, मगे तिका सांगतंय." चेडू म्हणजे सिद्धी, त्याची एकुलती एक लेक. आई नव्हती तिला. बापाचं हे कळलं तर पोर पुस्तक हातात धरील का?

यंदा ती समोरच्याच बाकावर होती. सुविधा टीचरनी हाक मारली आणि जयराम फुंकू लागला. वीस झाले, तीस झाले. मध्ये चारदा तो थांबला. निवळी आपली पाण्यासारखी स्वच्छ! मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"चुनोच खराब," जयराम धापा टाकत म्हणाला, "दुसरा काय!"

सिद्धीच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या बापाला हसतात? ती ताडकन उठली. "टीचर, बाबा खरं सांगतात. चुनाच वाईट आहे. मी फुंकून दाखवते."

"बस गे बाय, रवांदे," म्हणत जयरामने बाटली मागे ओढली. पण ती कुठली ऐकायला! त्याच बाटलीतली निवळी तिने दुसऱ्या परीक्षानळीत ओतली आणि फुंकलं.

पोरं पाचापर्यंतच पोचली. निवळी दुधासारखी पांढरी झाली होती. वर्गाने टाळ्यांचा कडकडाट केला.

सिद्धी मात्र नळीकडे बघत राहिली. धडा तिला तोंडपाठ होता. चुना तोच, निवळी तीच. मग बदललं ते काय? तिने बाबाच्या छातीकडे पाहिलं. शर्टाची बटणं अजून वरखाली होत होती.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "गेल्या वर्षी कितव्या आकड्याक झालेली?"

आता तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमलं नाही.

"बावीसाक," तो म्हणाला, आणि नळ्या धुवायला वळला.